शालिकरामचा उंबरठा

शालिकरामले 'दारूवाला' म्हणू नका. माह्यासमोर त बिलकुलच म्हणू नका. परवा शेजारच्या खोलीतल्या नव्या भाडेकरणीनं नाक मुरडून विचारलं, "तो दारूच्या दुकानावर होता म्हणतात तो म्हातारा रोज तुमच्या ओट्यावर काहून येऊन बसते, गोपिकाबाई?" मी मांडीवरचं विडीचं सूप बाजूले ठेवलं. म्हटलं, बाई, तू काल वस्तीत आली अन् आज तोंड उघडलं. बस इथं. आधी ऐक. मंग तुले त्याले शिव्या द्यायच्या असतील त दे. मीही दिल्या हायत, पोटभर दिल्या हायत.

सक्करदऱ्याच्या तलावाकडून बाजाराकडे निघालं की मारोतरावचं देशी दारूचं दुकान लागते. त्या दुकानाच्या दारावर शालिकराम स्टूल टाकून बसे. आधी तो मिलमध्ये होता. तिथून कमी केलं, अन् घरी बायको रुखमाबाई दम्यानं बेजार. करते काय माणूस? पण वस्तीले धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अवं, शालिकराम माळकरी! गळ्यात तुळशीची माळ, भजनात खंजिरी घेऊन बसला की त्याचा आवाज तलावाच्या त्या काठाले ऐकू जाये. चहासुद्धा दुसऱ्याच्या घरचा घेत नसे. असा माणूस दारूच्या दारात? बाप्पा, बाप्पा! रुखमाबाईनं त त्या दिवशी चूलच पेटवली नाही.

पण त्यानं मारोतरावले आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणे, "मी दारावर बसीन. कोणी दंगा केला त त्याले ओढून काढीन. पण उंबरठ्याच्या आत पाय टाकणार नाही. माही शपथ हाय. पगारही बाहेरच आणून दे." मारोतराव हसला. दारूच्या दुकानावर न पिणारा माणूस भेटणं म्हणजे त्याले लॉटरीच लागल्यासारखं होतं. म्हणे, "बस बावा, बाहेर बस. देवाले काय सांगायचं ते तू सांग."

अन् दारावर ती पाटी होती. एकवीस वर्षांखालच्या कोणाले आत यायची मनाई, असा सरकारी कायदा लिहिलेली. दुसऱ्या दुकानाईतही अशा पाट्या होत्या, पण पाटीले विचारते कोण? पोट्टे खुशाल आत जायचे, बापासाठी बाटली आणायचे, सदऱ्याखाली लपवून. शालिकरामनं मात्र ती पाटी गीता वाचावी तशी मनावर घेतली. पोट्टं दिसलं की हात आडवा. "कोणी धाडलं बे? बापानं? त्याले सांग सोता ये म्हणा. तंगड्या मोडल्या का त्याच्या?" मिशी फुटलेले मोठाले पोट्टेही त्याच्यासमोर मांजर होत. आम्ही बाया त खूशच. कोणाच्या लेकराले आता बाटली आणायले जावं लागत नव्हतं. मीच म्हटलं होतं त्याले, देवमाणूस हायस बावा तू.

पण त्या पाटीची दुसरी बाजू आमच्या ध्यानात उशिरा आली. आमच्या वस्तीतल्या बाया नवऱ्याले दारूच्या दुकानातून काढायच्या कशा? सोता त जाऊ शकत नाही. बाईनं त्या दारात पाय टाकला त दुसऱ्या दिवशी तिले वस्तीत तोंड दाखवता येणार नाही. म्हून लेकरू धाडायचं. लेकरू आत जाये, बापाचा सदरा ओढे, चला न बाबा, चला न बाबा करे. चार माणसायच्या समोर बापाले लाज वाटे, अन् तो उठे. तेवढंच एक हत्यार होतं आमच्याजवळ. शालिकरामच्या आडव्या हातानं तेही गेलं.

आता कुसुमची गोष्ट ऐक. तू राहतेस ना, त्याच खोलीत राहायची ती. नवरा देवराव, सायकल रिक्षा चालवे. न पिलेला देवराव म्हणजे सोन्यासारखा माणूस. सवारी सोडून म्हातारीचं गाठोडं घरापर्यंत नेऊन देणारा. पण दुपार झाली की पाय आपोआप मारोतरावकडे वळत. रिक्षा दुकानासमोरच्या विजेच्या खांबाले साखळीनं बांधायचा, साखळीले कुलूप, अन् चावी कमरेच्या करदोड्याले. एकदा रिक्षा चोरीले गेली होती त्याची, तेव्हापासून चावी अंगापासून दूर नाही.

त्यायची एकच पोरगी, प्रेमलता. नऊ वर्षांची असेल तेव्हा. कुसुम तिले बापाले आणायले धाडे. शालिकराम तिले आत सोडत नसे अन् सोता शपथेपायी आत जात नसे. मंग उंबरठ्यावर उभा राहून भजनातला आवाज लावे, "देवरावऽऽ, पोरगी आली गाऽऽ!" कधी देवराव येई, कधी नाही. नाही आला त प्रेमलता दुकानाच्या ओट्यावर बसून राही. शालिकराम तिले फुटाणे देई, गोष्टी सांगे. लेकराचा जीव होता त्याच्यावर, खोटं काहून बोलू?

कुसुम मात्र भारी डोक्याची. हसायची अशी की बाजूच्या खोलीत आपण हसावं. एका वर्षी तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इकडे लेकरं लाकडाचे बैल सजवतात अन् दारोदारी नेतात, घरधनी त्यायले बोजारा म्हणून चार पैसे देते. दाराशी आलेला बैल रिकामा धाडत नाही कोणी, तो अपशकुन. अन् तो दिवस माणसायचा पिण्याचाही असते, हे काय सांगायले पायजे का? त कुसुमनं वस्तीतली सगळी लेकरं जमवली, बैलायले बेगड लावला, अन् वरात धाडली सरळ मारोतरावच्या दारात! "बाबा, बोजारा द्या! बाबा, बैल आला!" आत सगळे बाप अडकले. कायद्यानं लेकरू आत येत नाही, पण बैल त दारात उभा हाय. बैलाले नाही कसं म्हणायचं? एकेक बाप खाली मान घालून बाहेर आला. देवराव सगळ्यात आधी. आम्ही बाया रस्त्याच्या पलीकडे पदर तोंडात घालून हसून राहिलो होतो. शालिकरामही मिशीत हसला त्या दिवशी. मारोतरावचं मात्र डोकं सणकलं. अन् आत बसणाऱ्या माणसायनंही ठरवलं, पुढच्या साली बायायच्या नादी नाही लागायचं.

पुढच्या साली कुसुम गरोदर होती. दिवस भरायले अजून वेळ होता. तान्ह्या पोळ्याचा दिवस. शहरात मारबत, तो इडापीडेचा पुतळा, निघते त्या दिवशी, सारं नागपूर इतवारीकडे लोटते. 'इडा पीडा घेऊन जाय गे मारबत' म्हणत वस्तीतले सारे माणसं, साऱ्या रिक्षा तिकडे. जे गेले नाही ते मारोतरावकडे. मी घरी विड्या वळत होती. भिंतीपलीकडून कुसुमची हाक आली. हाक कसली, कण्हणं. जाऊन पाहते त बाई खाली पडली हाय अन् लुगडं रक्तानं भिजलं.  अशी रक्ताची धार मी आयुष्यात पाहिली नव्हती. कुसुमचे ओठ पांढरे झाले होते, तरी मले म्हणे, "घाबरू नको वं गोपिका, रिक्षा आहे न आपली."

रिक्षा आहे न आपली! ते शब्द माह्या कानातून अजून जात नाहीत.

प्रेमलता तिचा बैल सजवून बसली होती. लहानसा, चाकाचा, एका शिंगाले बेगड लावून झाला होता अन् दुसऱ्याले बाकी होता. मी तिले म्हटलं, "पळ बाई. बापाले बोलाव. नाही आला त नाही, चावी घेऊन ये, रिक्षा आपण ढकलू. पळ!" पोट्टी जी पळाली ती हातातला बैल घेऊनच पळाली. ठेवायचंही सुचलं नाही तिले.

झालं! तिथंच सगळं बिनसलं.

दारावर शालिकरामनं पाहिलं, प्रेमलता आली, हातात बैल. मारोतरावनं त्याले सकाळीच बजावून ठेवलं होतं, यंदा बैल आला त नोकरी गेली समज. पोट्टी धापा टाकून राहिली, "काका, आई पडली. बाबाले बोलवा. रक्त येऊन राहिलं." शालिकराम उंबरठ्यावर उभा राहिला अन् आवाज दिला, "देवरावऽऽ, पोरगी आली. आई पडली म्हणते गाऽऽ!" आतून कोणीतरी ओरडलं, "हातात बैल हाय का तिच्या?" शालिकरामनं खरं तेच सांगितलं. हाय म्हणे. आत जो हशा पिकला! देवरावचाच आवाज सगळ्यात मोठा. "सांग तुह्या मायले, यंदा बैल नाही चालणार!"

पोट्टी म्हणे, "मंग चावी तरी द्या म्हणा. रिक्षाची चावी." शालिकरामनं तेही ओरडून सांगितलं. पुन्हा हशा. "चावी पायजे! कुसुमचं डोकं पाहा गा, दर साली नवी युक्ती!"

प्रेमलता शालिकरामच्या हाताखालून आत घुसायले गेली. त्यानं तिचं मनगट धरलं. "कायदा हाय बेटा. आत नाही जायचं." तिनं त्याच्या हाताले कडाडून चावा घेतला. रक्त आलं. तरी त्यानं सोडलं नाही. ओट्यावर बसवलं, म्हणे, "बस. येईल तुहा बाप. हसून झालं की येईल." त्यालेही वाटलं असेल, युक्तीच हाय. बैल होता न हातात. कोणालेही तेच वाटलं असतं. मले हे कळते. पण कळून काय करू मी?

पोट्टी आत जाऊ शकत नव्हती कारण पाटी. शालिकराम आत जात नव्हता कारण माळ. अन् देवराव बसला होता दाराच्या अगदी बाजूच्या बाकावर. हात लांब केला असता त सापडला असता.

इकडे मी वाट पाहून पाहून वेडी झाली. कुसुम बोलायची बंद झाली. शेवटी आम्ही राहिलेल्या बायायनं बाज उचलली. बाजेवर कुसुम, अंगावर गोधडी, अन् निघालो मेडिकलच्या दवाखान्याकडे. रस्ता कुठून? मारोतरावच्या दुकानासमोरून. दुसरा रस्ताच नव्हता.

दुरून मले खांबाले बांधलेली रिक्षा दिसली. मंग ओट्यावर बसलेली प्रेमलता दिसली. तिचं मनगट शालिकरामनं अजून धरलेलं होतं. दुसऱ्या हातानं तो तिले फुटाणे देऊन राहिला होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं. बाजेकडे पाहिलं. गोधडीतून रक्त टपकून रस्त्यावर रेघ पडली होती, ती पाहिली. मी माणसाचं तोंड असं उतरलेलं कधी पाहिलं नाही बाई. राखेसारखं झालं. फुटाणे ओट्यावर सांडले.

अन् तो आत शिरला. शपथ गेली, माळ गळ्यातच होती, तसाच शिरला. देवरावची मानगूट धरून त्यानं त्याले बाहेर आणून आपटला. देवराव हसतच बाहेर आला होता. बाज पाहिली अन् सदरा वर केला. करदोड्याची गाठ त्याच्या हातानं सुटेना. कुलपाले चावी लागेना. शेवटी शालिकरामनं कुलूप उघडलं, मले रिक्षात बसवलं, कुसुमले माह्या मांडीवर दिलं, अन् रिक्षा त्यानंच मारली, भर गर्दीतून, ओरडत, रडत. देवरावच्यानं उभंही राहवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं गोधडी उचलून पाहिली अन् म्हणे, "थोडं आधी आणायचं न." बस, एवढंच. कुसुम गेली. पोटातलंही गेलं. बाहेर मारबत जाळल्याच्या धुराचा वास येऊन राहिला होता. इडा पीडा गेली म्हणे शहराची!

मी शालिकरामले तिथंच दवाखान्याच्या दारात शिव्या दिल्या. मुडद्या म्हटलं, खुनी म्हटलं. तुही माळ जाळ म्हटलं. तो तसाच निघाला. घरी जाऊन माळ काढली, रुखमाबाईच्या हातात दिली, अन् पुन्हा कधी घातली नाही. भजनातही गेला नाही.

आम्हाले वाटलं, आता तरी त्या दारावर बसणार नाही. तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतो, हा पुन्हा स्टुलावर! वस्ती थक्क. मी जाऊन विचारलं, "लाज नाही वाटत का रे?" म्हणे, "वाटते, गोपिकाबाई. पण मी उठलो त मारोतराव दुसरा बसवंल. तोही पोट्ट्यायचा हात धरंल. कायदा हाय. पण तो आत जाऊन बापाले काढणार नाही. मी काढीन." अन् खरंच काढले त्यानं. पोट्ट्यायले आत सोडलं नाही त नाहीच. पण लेकरू ओट्यापाशी आलं की हा उठे, आत जाये, त्याच्या बापाची मानगूट धरे अन् आणून लेकराच्या हाती देई. बैल असो नसो, युक्ती असो नसो. मारोतरावनं किती आदळआपट केली! पण त्याले काढलं असतं त आम्ही बायायनं दुकानाच्या काचा ठेवल्या नसत्या, हे मारोतरावले माहीत होतं.

एकटा देवराव मात्र त्याच्या हाताले लागेना. म्हणजे बाहेर काढे तो, पण हा परत जाये. बायको गेली तरी गडी सुधरला नाही. लोक म्हणतात धक्क्यानं दारू सुटते. काही नाही सुटत. रिक्षा खांबाले गंजून राहिली, चावी करदोड्याले लटकून राहिली. पोट्टी माह्या घरी वाढली. माह्यासोबत विड्या वळायची, रात्रशाळेत जायची. बापाले भाकर नेऊन द्यायची, ओट्यापर्यंत. शालिकरामशी एक शब्द बोलली नाही ती. तो फुटाणे ठेवे, ती तशीच सोडून येई.

मंग दोन सालाआधीचा तान्हा पोळा. आखाडात प्रेमलतेले एकवीस सरले होते. त्या दिवशी तिनं माह्या संदुकीतून तो लाकडी बैल काढला.  एका शिंगाले जुना बेगड होता, काळा पडलेला. दुसरं शिंग तसंच उघडं. म्हटलं, "कुठी चालली वं?" ती निघालीच. मी मागं पळाली.

शालिकराम स्टुलावर होता. म्हातारा झाला होता आता, डोळे पाणावलेले राहत. प्रेमलता त्याच्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "काका, एकवीस झाले. आता जाऊ देता का आत?"

 रस्त्यावरचे माणसं थांबले. शालिकरामनं तिच्याकडे पाहिलं, मंग आपल्या मनगटाकडे पाहिलं. दाताची खूण अजून होती तिथं. तो उठला, स्टूल उचललं, अन् बाजूले झाला.

मारोतराव आतून धावला. "बाई माणूस दुकानात? पोरी, अक्कल हाय का?" प्रेमलता म्हणे, "तुमच्या पाटीवर वय लिहिलं हाय मारोतराव. बाई लिहिलं नाही." अन् गेली आत. सगळे गिलास जागच्या जागी राहिले. मी उंबरठ्यावर उभी. देवराव त्याच बाकावर होता, दाराच्या बाजूच्या. तिनं त्याच्यासमोर बैल ठेवला. म्हणे, "बाबा, बैल आला. बोजारा द्या."

 तो बैल देवरावनं ओळखला. हात खिशाकडे गेला, चिल्लर काढायले. ती म्हणे, "पैसे नाही. त्या दिवशी मागितलं होतं ते द्या."

कोणी हसलं नाही. दाराशी आलेला बैल रिकामा धाडायचा नसते, हे त्या दुकानातल्या एकूणएक बेवड्याले माहीत होतं. देवरावनं सदरा वर केला. करदोड्याची गाठ सोडवता सोडवता तो रडायले लागला, लहान लेकरासारखा, हमसून हमसून. चावी त्यानं बैलाच्या पाठीवर ठेवली.

साखळी उघडायले तेल घालावं लागलं. टायर बसलेले, सीट फाटलेलं. प्रेमलतेले रिक्षा काही चालवता येत नव्हती. मंग शालिकरामनं स्टूल तिथंच टाकलं, हँडल धरलं, अन् ओढायले लागला. ती मागून ढकलून राहिली.  तलावापाशी आल्यावर तिनं साखळी अन् कुलूप पाण्यात फेकलं. चावीही फेकली. शालिकराम त्यानंतर त्या दारावर गेला नाही.

आता हा म्हातारा रोज माह्या ओट्यावर काहून येते, विचारलं ना तू? ते पाहा, माह्या दारासमोर ती रिक्षा उभी हाय न, तिच्यात हवा भरायले येते. वस्तीतल्या कोणत्याही बाईनं, कोणत्याही वेळी न्यावी, विचारायचं काम नाही. तुहेही दिवस भरत आले हायत, बाई. जा, हात लावून पाहा. कुलूप नाही तिले.